विश्लेषण : ‘कुंकू’तील नीरा सुटली, पण कोणाच्या परवानगीने?

नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याने गाजलेल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन जानेवारी २०१९ मध्ये वैशाली येडे यांनी केले. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या या महिलेमुळे पतीमागे राहिलेल्या बाईचा प्रश्न थेट व्यासपीठावर आला. मराठी पडद्यावर याच प्रश्नाशी ८२ वर्षे आधी एक चित्रपट येऊन थांबला होता. तो ‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७).

कथा काय?

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट केला. हिंदीत तो ‘दुनिया ना माने’. अनाथ नीरा फसवणुकीने वयस्क विधुर वकिलाच्या, काकासाहेबांच्या गळ्यात बांधली जाते. ती घरात राहते, पण हे लग्न मानत नाही. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (१८९९) जरठ-कुमारी विवाह मोडतो. इथे गोष्ट लग्न लागल्यावर सुरू होते. म्हणूनच ती अधिक बोचरी ठरली.

कलाकारांची निवड का महत्त्वाची?

काकासाहेबांना खलनायक करणे सोपे होते. केशवराव दाते यांनी मात्र चूक उमगत जाणारा माणूस उभा केला. त्यामुळे दोष एका लंपट म्हाताऱ्यावर ढकलता येत नाही; तो चालीवर येतो. शांता आपटे यांची नीरा रडून दया मागत नाही, वयाने बरोबरीच्या सावत्र मुलाने आगळीक केल्यावर त्याला चोपते. काकासाहेबांच्या विधवा मुलीच्या भूमिकेत होत्या शकुंतला परांजपे. र. धों. कर्वे यांच्या संततिनियमनाच्या कार्याशी जोडलेल्या या कार्यकर्तीची निवड हीच एक भूमिका होती.

शेवट पुरोगामी की अर्धवट?

काकासाहेब नीराला पुन्हा लग्न करायला सांगून आत्महत्या करतात. म्हणजे बंड तिचे, पण सुटका त्यांच्या मरणातून आणि परवानगीने. हा दोष निव्वळ दिग्दर्शकाचा नाही. विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर होता. मुंबई इलाख्यात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मात्र १९४७ मध्ये मिळाला. त्या काळी नीराला मोकळे करायला पतीचे मरण हेच दार उघडे होते. तरीही मृत्यूला थोर त्याग ठरवणारा हा शेवट आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. आत्महत्येने मागे राहिलेल्यांची सुटका होत नाही, हे यवतमाळला कोणी सांगायला नको.

मग आज काय घ्यायचे?

श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात वैशाली येडे यांच्यासह शेतकरी विधवाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. ‘कुंकू’ पतीच्या मरणापाशी थांबतो, ‘तेरवं’ तिथूनच पुढे चालू लागते. अशा विषयावर नव्याने चित्रपट करणाऱ्यांनी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : बाईचे दुःख सांगणारा आवाज कोणाचा? आणि शेवटचा निर्णय कोणाच्या हाती?