मेलवरचा शिक्का आणि शेजाऱ्यावरचा संशय

"आमचा खाते क्रमांक बदलला आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी." नेहमीच्या मुंबईच्या पार्टीच्या नावाने अशी मेल पुसदच्या एखाद्या दुकानदाराला येते. तो रक्कम भरतो. आठ दिवसांनी खरी पार्टी तगादा लावते. मग पहिला संशय कुणावर? लाईनीतल्याच दुसऱ्या दुकानदारावर! "आपला व्यवहार त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होता?" इथेच व्यापारी बांधवांनी थांबावे, असे आम्हास वाटते.

मेलवरचे पाठवणाऱ्याचे नाव म्हणजे पाकिटावर लिहिलेला पत्ता. कुणीही काहीही लिहावे. टपालाचे शिक्के वेगळी हकीकत सांगतात. मेलचे शिक्के म्हणजे हेडर. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून तीन ठिपक्यांखालचे 'शो ओरिजिनल' दाबावे. 'रिसीव्हड' या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक टप्पा आपली ओळ वर चढवतो. मात्र खालच्या ओळी ठग बनावटही घालतो. भरवसा आपल्या मेल कंपनीने घातलेल्या ओळीचाच. 'रिप्लाय-टू'समोर भलताच पत्ता दिसला तर पैसे थांबवून पार्टीला फोन करावा. (नंबर जुन्या बिलावरचा, मेलमधला नव्हे.)

1996 साली सुरू झालेली हॉटमेल पूर्वी पाठवणाऱ्याच्या कनेक्शनचा आयपी पत्ता हेडरात घालीत असे. जीमेलच्या वेबसाइटवरून धाडलेल्या मेलमध्ये तो दिसत नाही, गूगलच्या सर्व्हरचाच दिसतो. पुढचा माग पोलिसांनी कंपनीकडून काढायचा.

आणि तो लागला तरी माणूस सापडतोच असे नाही. 26 जुलै 2008 च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी आलेल्या मेलचा आयपी पत्ता नवी मुंबईत सानपाड्याच्या एका अमेरिकी रहिवाशाच्या घरी पोहोचला. त्याची चौकशी झाली. पण त्याचे वायफाय उघडे होते आणि वापर दुसऱ्यांनीच केला होता. 2007 मध्ये तर ऑर्कुटवरील मजकुराच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सेवा कंपनीने दिलेली आयपीची माहितीच चुकीची निघाली. तोवर त्या निरपराध माणसाचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. पोलिसांची ही गत, तर आपण गल्ल्यावर बसून शेजाऱ्याचे नाव कशाच्या जोरावर घेतो?

रक्कम गेली असेल तर त्याच घडीला 1930 वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मेल पुसू नये. नुसती फॉरवर्ड केल्यास मूळ हेडर जाते, म्हणून 'डाउनलोड ओरिजिनल'ची फाइल पोलिसांना द्यावी. वेळही नीट पाहावी: ओळीच्या शेवटी '+0000' असेल तर त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. एकच आयपी पत्ता सकाळी एकाकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे असू शकतो.