मातेचा विषाद आणि मुलाचे एकाकीपण

मित्रमंडळीतून हळूहळू अंग काढून घेणारा आणि साध्या थट्टेनेही कोलमडणारा पंधरा वर्षांचा विषण्ण मुलगा समोर आला म्हणजे त्याला हट्टी ठरवून मोकळे होण्याची जी आपली रीत आहे, ती सोडून त्याच्या आईची प्रकृती कशी आहे, हेही आस्थेने विचारले पाहिजे. कारण लोकांत मिसळण्याची व रुसवा विसरून सलोखा करण्याची विद्या मूल प्रथम घरात शिकते. आणि माताच विषादाने ग्रासलेली असेल, तर ही विद्या देण्याचे त्राण तिच्यात उरत नाही. हा तिचा दोष नव्हे. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मायर्ना वाइसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या उपचारांनी ज्या मातांचा विषाद निवळला, त्यांच्या ७ ते १७ वर्षांच्या मुलांच्या मानसिक व्याधीही घटलेल्या आढळल्या. आपल्याकडे २०१४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मुलाच्या तपासणीबरोबरच मातेच्या उपचारांचीही तजवीज सरकारने करावी, आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर झळकावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.