ओठ न मिटता गोष्ट!

दोस्तांनो, आधी एक गंमत करा. आरशासमोर उभं राहून प, फ, ब, भ, म म्हणा. दर वेळी ओठ मिटतात की नाही? आता ही पाच अक्षरं एकदाही न वापरता एखादी गोष्ट सांगा पाहू!

‘छे, कसं शक्य आहे?’ म्हणालात ना? पण सुमारे तेराशे वर्षांपूर्वी दंडी या संस्कृत लेखकानं हे करून दाखवलं. त्याच्या ‘दशकुमारचरित’ या ग्रंथात मंत्रगुप्त नावाच्या कुमाराचे ओठ दुखावलेले असतात. ते मिटायला नकोत, म्हणून तो आपली सगळी हकिगत या अक्षरांशिवाय सांगतो. बिचाऱ्याच्या स्वतःच्या नावातच म आणि प आहेत!

इंग्रजीत सर्वांत जास्त येणारं अक्षर ‘ई’. अमेरिकेच्या अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी टाइपरायटरची ‘ई’ची कळच बांधून टाकली आणि पन्नास हजारांहून जास्त शब्दांची ‘गॅड्सबी’ ही कादंबरी लिहिली. ती १९३९ मध्ये छापली गेली.

तुम्ही म्हणाल, कशाला हा खटाटोप? त्यासाठी जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाची गोष्ट ऐका. १९४० मध्ये त्याचे वडील महायुद्धात मारले गेले. तेव्हा तो अवघा चार वर्षांचा होता. त्याची आई ज्यू होती. १९४३ मध्ये नाझींनी तिला ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं. ती परत आलीच नाही.

१९६९ मध्ये पेरेकनं ‘ई’ नसलेली कादंबरी लिहिली. त्यात एक माणूस नाहीसा होतो आणि त्याचे मित्र त्याला शोधत राहतात. फ्रेंचमध्ये ‘मेर’ म्हणजे आई, ‘पेर’ म्हणजे वडील. दोन्ही शब्दांत ‘ई’ आहे, म्हणजे दोन्ही बाद! पेरेकच्या पूर्ण नावात तर चार ‘ई’ आहेत. पुस्तकभर जे अक्षर नाही, तेच आपल्याला सारखं आठवत राहतं. हरवलेल्या माणसांचंही तसंच असतं, नाही का?

आता तुमची पाळी. ती पाच अक्षरं टाळून आपल्या घराबद्दल पाच ओळी लिहा. सुरुवात मी करून देतो : ‘काल दादा शाळेतून उशिरा घरी आला.’ ‘मी’ चालणार नाही, ‘बाबा’ही नाहीत. ‘आई’ मात्र आहे! लिहून झालं की सांगा, कोणत्या शब्दावाचून सर्वांत जास्त अडलं?