निकामी सेल कोणाच्या हातात जातो?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. त्याआधीचे २००१ चे नियम फक्त शिसे-आम्लाच्या बॅटरीपुरते होते. नव्या नियमांत घड्याळातल्या सेलपासून विजेवरच्या गाडीच्या बॅटरीपर्यंत सगळे आले. वापरलेली बॅटरी गोळा करून तिचे रिसायकलिंग करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. बॅटरी जमिनीत पुरायला आणि जाळायला मनाई झाली. लहान बॅटरीतून परत मिळवायच्या पदार्थांचे किमान प्रमाण २०२४-२५ साठी ७० टक्के, तर २०२६-२७ पासून ९० टक्के ठरले.

कागदावर हे चांगलेच आहे. पण आपल्या वस्त्यांतून पाहिले तर प्रश्न उरतो. हे नियम उत्पादक, विक्रेता, ग्राहक आणि संकलन, वर्गीकरण, वाहतूक, दुरुस्ती व रिसायकलिंग करणाऱ्यांना लागू आहेत. ज्यांच्या हातात निकामी सेल सर्वांत आधी पडतो, त्या कचरावेचकांचा या यादीत वेगळा उल्लेख नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी निदान त्यांना नावाने ओळखले होते.

हे कचरावेचक कोण आहेत, हे आपल्याला सांगायला नको. महाराष्ट्रातल्या शहरांत या कामात मोठा वाटा दलित स्त्रियांचा आहे. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेली अनेक कुटुंबे याच कामावर जगली. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याची हाक दिली. समाजाने ती मानली. पण शहरात आल्यावर घाण उचलण्याचे काम वेगळ्या रूपात पुन्हा त्याच समाजाच्या वाट्याला आले. आता त्या घाणीत रसायनेही मिसळली आहेत. म्हणून बॅटरीचा प्रश्न आम्ही केवळ पर्यावरणाचा मानत नाही.

येथे दोन वेगळे धोके आहेत. त्यांचे कारण भंगाराच्या भावात आहे.

पहिला धोका लहान सेलचा. पेन्सिल सेलला भंगारात जवळजवळ भाव नाही. म्हणून तो घंटागाडीत जातो आणि वर्गीकरण करताना उघड्या हातांना लागतो. गळलेल्या अल्कलाइन सेलमधला क्षार त्वचा आणि डोळे भाजतो. मोबाइल आणि पॉवर बँकमधली लिथियम-आयन बॅटरी कचऱ्यात दाबली गेली की आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. बटण सेल मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. असे झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका इन्व्हर्टर आणि रिक्षाच्या बॅटरीचा. तिला भाव आहे, कारण तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो. ती कचऱ्यात जात नाही. पण अनेकदा परवाना नसलेल्या भट्टीत जाते. तिथे ती कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल नाल्यात ओततात आणि शिसे वितळवतात. हा धूर आणि धूळ शेजारच्या झोपड्यांत जाते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे. त्यातली भारतातली मुले सुमारे २७.५ कोटी. शिक्षण हे आपल्या चळवळीचे पहिले शस्त्र. मुलाची शिकण्याची ताकदच शाळेआधी हिरावली जात असेल, तर तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

मग घरात काय करायचे? खरेदीपासून सुरुवात करू. भिंतीवरचे घड्याळ किंवा रिमोट यांना फार कमी वीज लागते. तिथे साधा सेलही कित्येक महिने चालतो आणि रिचार्जेबल सेलचा खर्च भरून निघत नाही. पण खेळणी, कॅमेरा, विहारातला कॉर्डलेस माइक अशा ठिकाणी सेल भराभर संपतात. तिथे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे एनआयएमएच सेल घ्यावेत. असे चार सेल दोनशे वेळा चार्ज केले, तरी सुमारे आठशे सेल फेकणे वाचते. नवे-जुने किंवा वेगवेगळ्या प्रकारचे सेल एकत्र घालू नयेत.

चार्जिंगचे नियम थोडेच आहेत. साधा किंवा अल्कलाइन सेल कधीही चार्ज करू नये. तो गळतो, फुटू शकतो. एनआयएमएच सेलला त्याच प्रकारचा, सेल भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर हवा. लिथियमचा शत्रू उष्णता: मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करू नये, आणि बॅटरी फुगली तर ती वापरणे थांबवावे, टोचू नये. इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती हवेशीर जागेत हवी. त्यात नळाचे नव्हे, डिस्टिल्ड वॉटर घालावे. नीट सांभाळलेली बॅटरी जास्त वर्षे टिकते, आणि तितकी ती भट्टीपासून दूर राहते.

शेवटी विल्हेवाट. निकामी सेल सुक्या कचऱ्यातही टाकू नये. बटण सेल आणि लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते कोरड्या डब्यात वेगळे ठेवावेत. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच द्यावी, बिलावर तिची वजावट लिहून घ्यावी, आणि ती नोंदणीकृत रिसायकलरकडे जाते का हे विचारावे. दारावर थोडे जास्त पैसे मिळतात खरे. त्यात भंगारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तोही पोटासाठीच फिरतो. पण तो फरक कोणाच्या मुलाच्या रक्तातून भरून निघतो, याचा विचार आपण करायला हवा. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यात विषाचा व्यापार आहे. सम्यक आजीविका विकणाऱ्यापुरती ठेवायची की जुनी वस्तू देणाऱ्यापर्यंत न्यायची, हे आपण ठरवायचे आहे.

मात्र घराघरांतल्या शिस्तीने प्रश्न सुटणार नाही. तसे मानले तर उत्पादक सुटतो आणि दोष पुन्हा गरिबावर येतो. म्हणून तरुण मंडळे आणि विहार समित्यांपुढे आम्ही तीन कामे ठेवतो. एक, प्रत्येक विहारात निकामी सेलसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवावा आणि जमलेले सेल नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावेत. दोन, आपल्या प्रभागात बॅटरी संकलन कोठे होते आणि ते कोठे जाते, याची माहिती माहिती अधिकारात महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागावी. वस्तीत शिशाची भट्टी असेल तर मंडळाकडे लेखी तक्रार करावी आणि मुलांच्या रक्ततपासणीची मागणी लावून धरावी. तीन, उत्पादकांच्या पैशातून होणाऱ्या संकलनात कचरावेचकांना मोबदला, हातमोजे आणि ओळखपत्र मिळावे, असा आग्रह धरावा.

तिसरे काम अशक्य नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून तिच्यातूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते. संघटित झालेल्या बायांनी आपले काम शहराला मान्य करायला लावले. बॅटरीच्या नियमांतही त्यांना जागा मिळवून देणे, हे आता संघटनेचेच काम आहे.

जय भीम!