श्वासाचा हक्क आणि धूम्रपानबंदी

सार्वजनिक स्थळी धूम्रपानास बंदी असावी की नसावी, या प्रश्नाचा कायद्याच्या दप्तरी निकाल लागून बराच काळ लोटला असला, तरी महाड-पोलादपूरच्या टपऱ्यांवर, कचेऱ्यांच्या आवारांत आणि एस.टी.च्या थांब्यांवर तो अद्याप वादाचा विषय आहे. आणि बंदीचे विरोधक आपले आक्षेप इतक्या आत्मविश्वासाने मांडतात की, त्यांचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

पहिला आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. स्वतःच्या पैशाने घेतलेली विडी ओढण्यास सरकारने हरकत का घ्यावी, असे विचारले जाते. स्वतःच्या देहाची हानी करून घेण्याचा अधिकार मनुष्यास आहे की नाही, या वादात मी शिरत नाही, कारण प्रस्तुत प्रश्नाशी त्याचा संबंधच पोहोचत नाही. मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसलेली लेकुरवाळी, दम्याने जर्जर झालेला वृद्ध, किंवा उपाहारगृहात दिवसभर राबणारा नोकर, यांपैकी कोणीही ती विडी विकत घेतलेली नसते, आणि तरीही तिचा धूर त्यांच्या छातीत उतरतो. जपानमधील हिरायामा या संशोधकाने धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी करून १९८१ साली दाखवून दिले की, ज्यांचे पती धूम्रपान करीत, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका अधिक होता. परक्याच्या धुराची निर्धोक अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आज निःसंदिग्धपणे सांगते.

दुसरा आक्षेप खास आमच्याकडचा आहे. औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने आणि महामार्गावरून अहोरात्र धावणारी अवजड वाहने यांच्यापुढे एका विडीची ती काय मातब्बरी! कारखान्यांविषयीची ही तक्रार मलाही मान्य आहे. परंतु मोठ्या अपराध्याचा बंदोबस्त होईपर्यंत लहान अपराध्यास अभय द्यावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही. हवा जिथे आधीच दूषित, तिथल्या फुप्फुसांवर नवा भार घालण्यापूर्वी दहादा विचार करावयास हवा.

महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे मुळातच थोडे, असेही म्हटले जाते, आणि ते खरे आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील प्रौढांपैकी सुमारे २७ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते, पण धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत होते. बाकीचा सारा कारभार चुना-तंबाखूचा आणि मशेरीचा. मशेरीने आमच्या आयाबहिणींचे किती नुकसान केले आहे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु इतक्या थोड्यांच्या क्षणिक सुखासाठी उरलेल्या सर्वांनी धूर गिळावा, असा अर्थ या आकड्यांतून काढणे म्हणजे तर्कशास्त्रच उलटे टांगणे होय.

सर्वांत बलवत्तर आक्षेप असा की, कायदा कागदावरच राहतो, मग तो हवा कशाला? मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी बंदीचा आदेश दिला, २००३ साली संसदेने अधिनियम केला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले, त्यांत बसथांब्यांचाही स्पष्ट समावेश झाला, २०० रुपयांपर्यंत दंडही ठरला. तरी धूर निघतोच. पण कागदावरचा हक्क निरर्थक असतो, हे निदान महाडकराने तरी म्हणू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करणारा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि पुढे तीन वर्षे एकाही अस्पृश्यास त्याचे पाणी लाभले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले, तेव्हा त्या निर्जीव कागदाचाच आधार त्यांच्या पाठीशी होता. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव फिरवला, तरी उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली त्यांच्याच बाजूने लागला. अस्पृश्यतेच्या घोर अन्यायाशी विडीच्या धुराची बरोबरी करण्याचा अविचार माझ्या मनाला शिवत नाही. कागदावरचा हक्क ही लढ्याची पहिली पायरी असते, एवढेच मला त्यातून घ्यावयाचे आहे.

अंमलबजावणी का होत नाही, याचे कारणही शोधावयास हवे. रेल्वेच्या १९८९च्या कायद्यात सहप्रवाशाने हरकत घेतल्यास डब्यात धूम्रपान करू नये, अशी तरतूद आहे. म्हणजे वीर किंवा करंजाडी स्थानकावर गाडीत चढलेल्या एकट्या स्त्रीने अनोळखी पुरुषाशी तंटा मांडावा, तेव्हा कुठे तिला संरक्षण मिळावयाचे. २००८च्या नियमांनी हा बोजा तिच्या शिरावरून उतरवून त्या-त्या जागेच्या मालकावर, व्यवस्थापकावर किंवा प्रभारी अधिकाऱ्यावर टाकला, आणि तक्रार येऊनही त्याने कारवाई न केल्यास दंड त्याच्याकडूनच वसूल करण्याची सोय केली. या तरतुदीचा अंमल व्हावा, प्रत्येक थांब्यावर, दवाखान्यात आणि कचेरीत त्या जबाबदार व्यक्तीचे नाव ठळकपणे लावावे, आणि तक्रारीची नोंद घेण्यास तिने नकार देऊ नये, अशी माझी मागणी आहे.

तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना आणि तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची जी सवलत अधिनियमाने दिली आहे, तीही रद्द व्हावी. आयर्लंडने २००४ साली बंदी घातली, ती मुख्यतः बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांच्या आरोग्यासाठी. आणि आमच्याकडे त्या वेगळ्या खोलीची झाडलोट करणारा मुलगा बहुधा पोलादपूरच्याच एखाद्या वाडीतून पोटासाठी बाहेर पडलेला असतो.