कालची चूक आज टाळणारे यंत्र! काय आहे ‘इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल’?

वैतरणा स्थानकातून बोईसरला कामावर जाणारा नवा प्रवासी पहिल्या दिवशी फलाटावर चुकीच्या जागी उभा राहतो. डबा पुढे निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो चार पावले पुढे सरकतो, मग आणखी दोन. आठवडाभरात दार बरोबर त्याच्यासमोर येते. ‘इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल’ म्हणजेच ‘आयएलसी’चे तत्त्व हेच. जपानमधील सुगुरू आरिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये रोबोंच्या हालचालींसाठी ते मांडले.

तारापूरशी संबंध काय?
तारापूर एमआयडीसीत रसायने आणि औषधांचे अनेक कारखाने आहेत. या उद्योगात बराचसा माल बॅचमध्ये तयार होतो. तोच रिअ‍ॅक्टर, तोच कच्चा माल, तापमानाचा तोच आलेख. नेहमीचा पीआयडी कंट्रोलर तापमान बिघडल्यावर व्हॉल्व्ह फिरवतो. मात्र बॅच संपली की ती चूक तो विसरतो. पुढच्या बॅचला पुन्हा तेच.

आयएलसी काय करते?
समजा, ३०व्या मिनिटाला तापमान ८० अंश हवे होते, पण ८४ झाले. वाफ कमी केल्याचा परिणाम दिसायला ५ मिनिटे लागतात. मग पुढच्या बॅचमध्ये आयएलसी २५व्या मिनिटालाच वाफ थोडी कमी करते. चूक ४ अंशांवरून २, मग १ अशी घटत जाते. बॅच वाया जाणे टळते, वाफ वाचते आणि सांडपाण्याचा बोजाही कमी होतो.

मर्यादा कोणत्या?
दरवेळी सुरुवात सारखी हवी आणि चूकही तीच घडायला हवी. अचानक वीज गेली किंवा कूलिंगचा पंप बंद पडला, तर कालचा अनुभव उपयोगाचा नाही. ११ जानेवारी २०२० रोजी याच औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला. त्यामुळे सेफ्टी व्हॉल्व्ह, अलार्म आणि पर्यायी कूलिंगला शिकणारे सॉफ्टवेअर हा पर्याय ठरू शकत नाही.

तरीही रोज दिसणारी चूक रोज सोसण्याचे कारण नाही. बॅचचा आलेख ऑडिटपुरता फाइलमध्ये ठेवून भागणार नाही. तो पुढच्या पाळीच्या ऑपरेटरपर्यंत पोहोचला पाहिजे. महागडी यंत्रणा नंतर येईल. कालचा आलेख आज उघडून पाहण्याची सवय मात्र आजच लावता येईल.