मुलाखतीची तयारी चौथीपासून

शिक्षक मित्रांनो, पालकहो, तीर्थपुरीची मुलं पदवी झाली की नोकरीसाठी पुण्याकडे बघतात. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीच्या नॅशनल क्वालिफायर टेस्टमध्ये गणित, भाषा आणि तर्क तपासतात, पुढे मुलाखत. शेकडेवारी, गुणोत्तर आपण शाळेतच शिकवतो. पण मुलाखतीत "तुम्हाला असं का वाटतं?" विचारलं की आपली मुलं अडतात. कारण वर्गात आणि घरीही त्यांनी "गप्प बस" हेच जास्त ऐकलेलं असतं.

महागडा क्लास लावायचा तेव्हा लावा. आजपासून रोज पाच मिनिटं मुलांना बोलू द्या. यंदा कापूस लावायचा की सोयाबीन, त्यांनाही विचारा. कारण सांगू द्या, मधेच तोडू नका. इंग्रजी लागतेच, पण आधी मराठीत तरी धीटपणे बोलता आलं पाहिजे.